पन्नासपैकी दोन लाख तीस हजार

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं पूर्वीचे लोक म्हणत. पूर्वीच्या लोकांकडे शीट नव्हती, त्यामुळे बिचाऱ्यांना पायांवर भागवावं लागे. आता शास्त्र बरंच पुढे गेलं आहे. मूल कसं आहे हे कळण्यासाठी मुलाकडे पाहण्याची गरज उरलेली नाही. त्याच्या ओळीकडे पाहिलं की पुरतं. ओळ स्वच्छ असते, तिचं नाक वाहत नाही, आणि सकाळी निघताना ती पायाला मिठी मारून बसत नाही.

ज्या पाळणाघराने ही प्रगती साधली ते एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. खाली औषधांचं दुकान, वर दातांचा दवाखाना आणि मधे चोवीस मुलं. (वरून दात कोरायच्या यंत्राचा आवाज आला की चोवीसही मुलं एकदम तोंड मिटत. ही गोष्ट कुठेच नोंदवलेली नव्हती, कारण तिच्यासाठी रकाना नव्हता.) प्रत्येक मुलाला संगणकावरच्या शीटमध्ये एक ओळ होती. जेवण, झोप, मिसळणे, नवे शब्द आणि शिस्त असे पाच रकाने, प्रत्येकाला दहा गुण, शेवटी बेरीज पन्नासपैकी. मुख्य ताई दिवसभर त्यात आकडे भरत, आणि ते त्याच क्षणी सगळ्या पालकांच्या फोनवर उमटत. पूर्वी ताई मुलांजवळ बसत. आता त्या मुलांबद्दल बसत.

भिंगरीची आई ही या सेवेची सर्वात निष्ठावंत लाभार्थी. (पाळणाघराच्या दारात आईबापांची स्वतःची नावं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावी लागत, आत सगळे अमक्याची आई, तमक्याचे बाबा.) ती एका विमा कचेरीत दाव्यांचे कागद तपासायची. दुसऱ्यांच्या कागदांतली चूक तिला दुरून दिसे, आणि त्यामुळे आपल्या मुलीच्या ओळीतही एखादी असणारच याची तिला खात्री होती. फोन टेबलाच्या खणात उघडा ठेवून ती दर थोड्या वेळाने खण ओढायची. साहेबांना वाटे, बाईंना पिना फार लागतात.

तिची काळजी उगाच नव्हती. आतापर्यंत सगळी मुलं छोट्या गटात होती, मोठा गट पुढच्या महिन्यापासून निघायचा होता. छोटा गट दुपारी तीनला सुटे, मोठा गट संध्याकाळी साडेसहाला सुटणार होता. (दुपारी तीनला घरी कोण असतं, हा प्रश्न संस्थेच्या कक्षेबाहेरचा होता.) आजवर भिंगरीच्या आईने अर्धी रजा, बिनपगारी रजा आणि खोटं डोकं दुखणं यांच्या जोरावर तीन वाजता पोचायचं जमवलं होतं. आता साहेबांनी सांगून टाकलं होतं, "पुढच्या महिन्यापासून पूर्ण वेळ. नाहीतर बघा बाई, तुमचं तुम्ही." मोठ्या गटात जागा बारा. महिनाअखेरच्या बेरजेत पहिले बारा येतील ते आत. आणि भिंगरी त्यात नाही आली तर काय, तेही घरी ठरलेलं होतं.

"वर्षभर आईकडे ठेवू या तिला," भिंगरीचे बाबा म्हणाले होते. "आईला तेवढीच सोबत. आणि रोज व्हिडिओ कॉल करूच की."

आई म्हणजे सासूबाई. त्यांचं गाव एका रात्रीच्या प्रवासावर. त्या मनाने अगदी चांगल्या, त्यामुळे तर जास्तच पंचाईत. त्यांनी फोनवर आनंदाने कळवलंही होतं, "अगं, मी भिंगरीसाठी छोटी गादी भरून घेतली." भिंगरी अडीच वर्षांची. ती फोन धरते तेव्हा पडद्यावर फक्त तिचा उजवा कान दिसतो. वर्षभर मुलीचा कान बघत काढायचं, या विचाराने तिच्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. (तिच्या घासांची नोंद कुणी ठेवत नव्हतं.)

आता शीट म्हटली की तिच्यात नुसते आकडे असून भागत नाही, फॉरमॅटिंगही लागतं. त्याची सुरुवात संस्थेत फार घरगुती कारणाने झाली. एका मुलाच्या डोक्यात उवा सापडल्या. आयाबाईंनी त्याची फणी वेगळी ठेवावी म्हणून ताईंनी शीटमध्ये त्याचं नाव बोल्ड केलं. सुटायच्या वेळेपर्यंत सगळ्या पालकांनी ते पाहिलं. दारात त्या मुलाच्या बाबांचा हात तिघांनी हातात घेऊन हलवला. "झाला की तुमचा बोल्ड!" त्यांनीही विनयाने सांगितलं, "घरी आम्ही वेगळं असं काही करत नाही."

दुसऱ्या दिवशी बोल्ड करण्यासाठी नऊ अर्ज आले. ताईंनी घाबरून खरं कारण सांगितलं. त्यावर पालकसभा भरली. मग एक आई म्हणाली, "उवांचं काय एवढं, आज आहेत उद्या नाहीत. बोल्ड मात्र राहतं." सभेने एकमताने ठराव केला की उवा असोत वा नसोत, इच्छुक पाल्यांना ठळक करण्यात यावं. आठवड्याभरात चोवीसच्या चोवीस नावं बोल्ड झाली. त्यामुळे कुणीच ठळक दिसेना, आणि मग रीतसर अक्षररूप धोरण आखावं लागलं. त्यातली मुख्य कलमं अशी:

बोल्ड: मूल उत्साही आहे.

बोल्ड आणि अधोरेखित: मूल उत्साही आहे, मौल्यवान वस्तू उचलून ठेवाव्यात.

तिरपी अक्षरं: मूल शांत, कलत्या वृत्तीचं आहे (किंवा त्याला अजून नीट बसता येत नाही).

उभा मजकूर: मूल बसायलाच तयार नाही.

लाल रंग: ताप. फिकट लाल: ताप येईल असं आईला वाटतं.

नावावर आडवी रेघ: आज गैरहजर.

या शेवटच्या कलमाचा पहिल्याच दिवशी प्रत्यय आला. एका मुलाच्या बाबांनी कामावर असताना आपल्या लेकाच्या नावावर रेघ पाहिली आणि ते पायऱ्या तीन-तीन उतरत, रिक्षा करून, घामाघूम होऊन पाळणाघरात पोचले. लेकाला सकाळी सर्दी झाली म्हणून त्यांनी स्वतःच आजोबांजवळ घरी ठेवलं होतं. ते त्यांना आठवलं तेव्हा त्यांचा आधी जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांनी अशी शंका काढली की शीट म्हणते ते बरोबर असेल तर घरी जे आहे ते कोण. धोरणाबाबत घेतलेल्या पाहणीत शंभर टक्के पालक समाधानी आढळले. (उत्तराच्या जागी 'समाधानी' आधीच भरलेलं होतं; बदलायला ताईंची परवानगी लागे.)

इथपर्यंत भिंगरीच्या आईचं बरं चाललं होतं. भिंगरी बोल्ड होती, अधोरेखितही होती. घोडं पेंड खात होतं ते जेवणाच्या रकान्यात. तिथे रोज सात.

"ताई, सात म्हणजे नेमकं किती हो?"

"दहापैकी सात."

"पण दहा काय? दहा घास?"

"अहो, अंदाजे असतं ते."

अंदाजे या शब्दावर विमा कचेरीत काम करणाऱ्या बाईला झोप लागत नाही. तिने गळ घातली, "चार भाग धरा वाटीतल्या जेवणाचे, आणि चारपैकी किती खाल्ले तेवढं लिहा ना. भिंगरीपुरतंच. बाकीचेही रकाने तसेच भरा, म्हणजे मला समजेल." ताई पालकांचा शब्द मोडत नसत. (मोडल्यास पालक सभा भरवत.) दुसऱ्या दिवसापासून भिंगरीच्या ओळीत त्या ३/४, २/४ असे अपूर्णांक भरू लागल्या.

शीटला अपूर्णांक आवडत नाहीत. मधे तिरकी रेघ दिसली की ती तारीख समजते, आणि समजली की लगेच फॉरमॅट बदलून तशी तारीख उमटवते. भिंगरीच्या आईने दुपारी खण ओढला तर समोर दिसलं: जेवण, ३ एप्रिल. एप्रिल यायला अजून दोन महिने होते. तिची पाचावर धारण बसली. तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

"ताई, भिंगरी काय तीन एप्रिलला जेवणार आहे?"

"छे हो! झालं की तिचं."

"मग तारीख कशाला दिलीय?"

"तारीख आम्ही नाही देत. ती वरून येते."

तिने ओळ पुन्हा नीट वाचली. त्या हिशेबाने भिंगरी दोन एप्रिलला शिस्त शिकून मुलांमध्ये मिसळणार होती, तीनला जेवून झोपणार होती, आणि चारला नवे शब्द बोलणार होती. क्रम तसा वाईट नव्हता. पण महिनाअखेर त्याआधी होती.

यावर उपाय काय, तो तिला पाठ होता. कचेरीत पावत्यांचे क्रमांक तारखा होऊ नयेत म्हणून ती रोज तेच करायची. शीटमधले चौकोनी खाने निवडायचे, फॉरमॅटमध्ये जायचं आणि सांगायचं की हा आकडा नाही, तारीख नाही, हा मजकूर आहे. आम्ही लिहू तसाच ठेव, अक्कल चालवू नकोस. तिने सुवाच्य अक्षरात अर्ज दिला: 'माझ्या पाल्याच्या ओळीतील खान्यांचे स्वरूप मजकूर असे करण्यात यावे.' हात दाखवून अवलक्षण ते याहून वेगळं नसतं. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. ताईंनी फॉरमॅट बदलला, अपूर्णांक पुन्हा भरले, आणि ते मुकाट्याने जसेच्या तसे राहिले. फक्त एक झालं. मजकूर खान्यात डावीकडे चिकटतो, आकडे उजवीकडे. तेवीस मुलांच्या ओळी उजवीकडे शिस्तीत उभ्या, आणि भिंगरीची तेवढी डावीकडे सरकलेली, रांगेबाहेर काढल्यासारखी.

आणि बेरीज: ०.

त्याचं कारण सरळ आहे. मजकूर वाचायचा असतो, मोजायचा नसतो. बेरीज करताना शीट मजकुरावरून अशी पुढे जाते, जसा लग्नघरातला यजमान उधार मागणाऱ्या नातेवाइकावरून नजर पुढे नेतो. भिंगरी जेवत होती, झोपत होती, मिसळत होती; मोजली जात नव्हती. ती चोविसावी आली होती, आणि तेविसाव्या मुलाच्या आईने दारात, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, हसून तिची चौकशी केली.

भिंगरीची आई ताईंच्या टेबलाशी गेली.

"ताई, शून्य कसं असेल? तिला चौदा भाग मिळालेत वीसपैकी. म्हणजे पन्नासपैकी पस्तीस होतात."

"बेरीज यंत्र करतं हो. आपल्याकडे कुणाच्या बाबतीत डावंउजवं होत नाही."

"पण तिची ओळ डावीकडेच गेलीय ना!"

ताईंनी चष्मा लावून पाहिलं. "ती तुमच्या अर्जाने गेलीय."

"अहो, तिचे आकडे आता आकडे राहिले नाहीत. ते मजकूर झालेत. म्हणून मोजले जात नाहीयेत."

ताईंनी चष्मा काढला. मग फार मायेने म्हणाल्या, "बघा भिंगरीची आई, प्रत्येक मूल वेगळं असतं. काही आकड्यांत रमतात, काही मजकुरात. आपण तुलना करू नये." आणि त्यांनी समोरची क्रमवारी छापायला दिली.

दुसरा अर्ज. खाने पुन्हा पूर्ववत साधे करण्यात यावेत. तो लगेच मंजूर होईना, कारण एकाच पाल्याचं स्वरूप एका महिन्यात दोनदा बदलण्याची तरतूद धोरणात नव्हती. (लाल रंगाचा अपवाद होता, पण त्यासाठी थर्मामीटर दाखवावा लागे.) दरम्यान सासूबाईंचा फोन येऊन गेला. गादीला त्यांनी फुलाफुलांचा अभ्रा शिवला होता. भिंगरीच्या आईने "छान हो आई" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, कारण नळाच्या आवाजात नाक ओढलेलं बाहेर ऐकू जात नाही.

शेवटी अर्ज मंजूर झाला. खाने साधे झाले, अपूर्णांक पुन्हा भरले गेले आणि अर्थातच पुन्हा एप्रिलमध्ये गेले. पण या खेपेला बेरजेच्या खान्यात शून्य नव्हतं. तिथे होतं: #####. (पहिल्या खेपेला तारखांच्या धक्क्यात तिने बेरजेकडे पाहिलंच नव्हतं.)

संगणकाच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की आकडा मोठा आहे आणि रकाना अरुंद. बाकीच्या जगात शिवी छापायची नसते तेव्हा असं छापतात. ताईंची नजर आपसूक 'नवे शब्द' या रकान्याकडे गेली.

"भिंगरीच्या घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"रकाना रुंद करा हो ताई."

रकाना रुंद केला तर शीट एका पानावर मावेना, आणि एका पानावर मावणं हे संस्थेचं ध्येयवाक्य होतं. अखेर 'ॲलर्जी' हा रकाना चिंचोळा करून जागा काढण्यात आली. (त्यातला मजकूर आता 'शें' इतकाच दिसे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीच्या आईने तेवढं समजून घेतलं.) बेरजेने हातपाय पसरले आणि ती पूर्ण वाचता आली.

दोन लाख तीस हजार पाचशे चौऱ्याहत्तर. पन्नासपैकी.

भिंगरीच्या आईला कारण क्षणात कळलं. शीटच्या पोटात तारीख म्हणजे एक आकडाच असतो. कुठल्यातरी जुन्यापुराण्या दिवसापासून तिने दिवस मोजायला घेतलेत, आणि आताची कुठलीही तारीख शेहेचाळीस हजारांच्या पुढची भरते. अशा पाच तारखांची ही बेरीज. म्हणजे भिंगरीच्या जेवणाला दहापैकी शेहेचाळीस हजार गुण मिळाले होते, आणि शिस्तीलाही जवळपास तेवढेच. त्याच दुपारी तिने एका मुलाच्या डोक्यात वाळूची बादली घातली होती. शीट म्हणत होती ती पहिली. दुसरा आलेला मुलगा सत्तेचाळीसवर होता, आणि दोघांमधला फरक पाहता त्याच्याकडे खास लक्ष द्यावं लागेल, असा शेरा ताईंनी त्याच्यापुढे तिरप्या अक्षरांत मारला.

सरळ मनाचं माणूस अशा वेळी काय करतं? तेच तिने केलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंकडे गेली.

"ताई, ही बेरीज चुकलीय."

"कमी आहे?"

"नाही. जास्त आहे."

ताईंनी लेखणी खाली ठेवली. पाळणाघराच्या इतिहासात असा पालक झाला नव्हता. "मग खरी करू का? पस्तीस म्हणालात ना?" त्यांनी क्रमवारीवरून बोट खाली, खाली, आणखी खाली नेलं. "पस्तीसला सोळावा नंबर येतो. बारा जागा आहेत. करू?"

वरच्या मजल्यावर दात कोरायचं यंत्र सुरू झालं. आत चोवीस तोंडं मिटली. भिंगरीच्या आईला फुलाफुलांचा अभ्रा दिसला. मग पडद्यावरचा कान.

"राहू द्या," ती म्हणाली. "यंत्रापेक्षा आपण का शहाणे आहोत?"

पण अशी गोष्ट झाकली मूठ राहत नाही. बारावा असलेला गुंड्या भिंगरीमुळे तेरावा झाला होता, आणि गुंड्याची आई काही बोटं मोडत बसणारी नव्हती. तिने भिंगरीच्या आईला जिन्यात गाठलं.

"अहो, दोन लाख? आमचा मेला चाळीसच्या वर जात नाही. कुठला क्लास लावलात?"

"क्लास कसला हो."

"मग बदाम देता का? खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

गुंड्याच्या आईचे डोळे सुजलेले होते. भिंगरीच्या आईला ती सूज नळापाशी ओळखीची झालेली. तिच्या तोंडून निघून गेलं, "अपूर्णांकात भरायला सांगा. सात लिहू नका म्हणावं, दहापैकी सात लिहा, मधे तिरकी रेघ देऊन."

गुंड्याच्या आईने शब्द पाळला. तिने फक्त गुंड्याच्या मावशीला सांगितलं, जिचा मुलगा त्याच वर्गात होता. तिसऱ्या दिवशी तेवीस अर्ज पडले.

आणि इथे एक गोष्ट झाली, जी शहाण्यासुरत्या भिंगरीच्या आईच्याही लक्षात आली नव्हती. तिची मुलगी चारपैकी मोजली जात होती. बाकीची मुलं दहापैकी. तीन-चार म्हणजे तीन एप्रिल. सात-दहा म्हणजे सात ऑक्टोबर. ऑक्टोबर एप्रिलनंतर येतो. तेवीस मुलं एका दुपारीत सहा-सहा महिने पुढे निघून गेली, आणि भिंगरी दोन लाख तीस हजार गुण जसेच्या तसे राखून पुन्हा चोविसावी आली.

यानंतर जे सुरू झालं त्याला संस्थेच्या अहवालात 'निकोप शैक्षणिक चढाओढ' म्हटलं आहे. भिंगरीच्या आईने बारापैकी मोजण्याचा अर्ज दिला आणि भिंगरी डिसेंबरात पोचली. पाठोपाठ एकेक मूल डिसेंबरात येऊ लागलं. आयाबाई एका केळ्याचे बारा तुकडे करू लागल्या. झोपही बारा भागांत मोजायची, म्हणून मुलांना अधूनमधून उठवून किती भाग झाले ते पाहण्यात येऊ लागलं. दहापैकी दहा खाणाऱ्या एका सुदृढ मुलापेक्षा बारापैकी एकच तुकडा खाऊन बाकीचे शेजाऱ्याच्या कानात घालणारी मुलगी पुढे गेली, कारण एक डिसेंबर हा दहा ऑक्टोबरच्या नंतरच येतो. कॅलेंडरशी वाद घालण्यात अर्थ नसतो. एका इंजिनिअर बाबांना वाटलं की बाराने एवढं होतं तर वीसने किती होईल. पण विसावा महिना नसतो. शीटने तारीख ओळखली नाही, सगळं मजकूर मानलं आणि त्यांच्या मुलाला शून्य दिलं. अति हाव बरी नव्हे, हा बोध इतर पालकांनी त्यातून घेतला आणि आपापल्या बाराला धरून राहिले.

महिनाअखेर आली. समितीपुढे शीट ठेवण्यात आली. समितीत ताई, ताईंचे यजमान आणि दातांचे डॉक्टर होते. (डॉक्टर इमारतीचे खजिनदार असल्याने सगळ्याच समित्यांत असत.) तिघांनी शांतपणे तेवीस मुलांचे गुण पाहिले. एकालाही दोन लाख तीस हजारांहून कमी नव्हते. अशी बुद्धिमान पिढी आपल्या पहिल्या मजल्यावर वाढते आहे, या जाणिवेने डॉक्टरांना गहिवरून आलं. ताईंच्या यजमानांनी विचारलं की पन्नासपैकी एवढे कसे. ताई म्हणाल्या, "मुलं मेहनती आहेत." यावर त्यांचं समाधान झालं, नाहीतरी घरी परत जायचं होतं.

अशा मुलांतली बारा निवडायची आणि बाकीची छोट्या गटात ठेवायची, हा अन्याय ठरला असता. म्हणून समितीने छोटा गटच रद्द केला. सर्व मुलं मोठ्या गटात. (शून्यवाला मुलगा विशेष बाब म्हणून; त्याचे बाबा पंखा दुरुस्त करून देणार होते.) मोठ्या गटासाठी वेगळी खोली नसल्यामुळे तो छोट्या गटाच्याच खोलीत भरवायचं ठरलं. त्याच सतरंज्या, त्याच बादल्या. दारावरची 'छोटा गट' ही पाटी काढून तिथे 'मोठा गट' अशी लावण्यात आली, बोल्ड आणि अधोरेखित. आता चोवीसही मुलं साडेसहापर्यंत राहणार होती. त्यामुळे आयाबाईंचं कामही तेवढं वाढलं, पण शीटमध्ये त्यांची ओळ नसल्याने त्यांची काही हरकत आढळून आली नाही.

निकाल कळला तेव्हा भिंगरीची आई कचेरीत होती. तिने खण ओढला, वाचला, पुन्हा ओढला. मग जिन्यात जाऊन सासूबाईंना फोन केला.

"बरं झालं हो," त्या म्हणाल्या. "पोरीने आईपाशीच असावं. गादी काय, राहील. सुट्टीत येईल तेव्हा कामाला येईल." आणि मग, राहवेना म्हणून, "हुशार आहे गं आपली भिंगरी. दोन लाख म्हणजे काय थोडे झाले? शेजारी सांगितलं मी."

मोठ्या गटाच्या पहिल्या दिवशी भिंगरीची आई संध्याकाळी साडेसहाला पाळणाघराच्या दाराशी उभी राहिली. दिवसाचा अभिमान, सुटका आणि थोडी टोचणी असं सगळं तिच्या पर्सच्या पट्ट्यासारखं खांद्यावर रुतत होतं. दार उघडलं. भिंगरी धावत आली, पायाला मिठी मारून बसली आणि म्हणाली, "आई, भूक."

आईने फोन काढला. भिंगरीची ओळ वर होती, बोल्ड होती, उजवीकडे सरळ उभी होती. जेवण: १२ डिसेंबर. याच्यावर रकान्यात काही मिळतच नाही.

"भूक कशी लागेल, राणी?" आई म्हणाली. "पोटभर जेवलीयस तू. हे बघ."

तिने पडदा भिंगरीसमोर धरला. आणि तिचा आवाज इतका खात्रीचा होता, की भिंगरीने मान वाकवून स्वतःच्याच पोटाकडे संशयाने पाहिलं.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. आईबापांचं हे असंच असतं, मुलं लहान असली की माणूस हळवं होतं, दिसेल त्या आकड्यावर विश्वास ठेवतं. तुमचं तसं नाही. तुम्ही आज सकाळी चांगले ताजेतवाने उठला होतात. मनगटावरच्या घड्याळाने रात्रीची झोप नीट झाली नसल्याचं लाल अक्षरांत कळवेपर्यंत.